टायच्या गाठीखाली

एकतीस वर्षं मी हनुसच्या टायला माइक लावला.
गाठीच्या बोटभर खाली. वायर शर्टाच्या आतून, डबी पाठीमागे.
दर शुक्रवारी पावणेनऊला, चाळीस सेकंद,
त्याच्या बायकोइतकी जवळ असायचे मी.
पेपरमिंटचा वास यायचा,
आणि त्याखाली घाबरलेल्या माणसाचा.
हे सांगितलं तर तोर्सहावनमध्ये कुणाला पटत नाही.

अठरा बेटांचा आमचा देश, पन्नास हजार डोकी,
मेंढ्या त्याहून जास्त,
आणि वाऱ्याची तर शिरगणतीच नाही.
इथे मुलाखत म्हणजे
ज्याच्या आत्याच्या लग्नात तुम्ही जेवलात
त्यालाच दिव्याखाली बसवून विचारायचं,
"आपण कुठले?"

बाराव्या वर्षी पाहुणे संपले.
हनुसने टेलिफोनचं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.
ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आला. बोटीवरचा आचारी आला.
एक बाई आली, ती नुसती रागावलेली होती,
कशावर ते शेवटपर्यंत कळलं नाही,
पण तो भाग फार चालला.

लोक अजून त्या मंत्र्याचं काढतात.
मासेमारीच्या कोट्यात एका पैशालाही शिवलो नाही म्हणाला, छातीवर हात ठेवून,
आणि हनुस म्हणाला, "बरं."
एवढंच.
सोमवारी राजीनामा.
आणि मेंढा सुटून पाद्र्याच्या मांडीवर
पुढचे पाय टेकून उभा राहिला, ती रात्र तर
तेव्हा न जन्मलेल्या पोरांनाही पाठ आहे.

माझ्या कानात राहिली आहे ती सुदुरोयची एल्सबा.
दोन्ही मुलांची बोट गेली, त्याला सोळा महिने झालेले.
हनुसने विचारलं, जेवायला काय आवडायचं त्यांना?
ती गप्प.
तुम्हाला घरी शांतता दिसली असेल.
मला हेडफोनमध्ये शांतता अशी कधी मिळालीच नाही:
स्वेटरच्या बटणावर तिचं नख,
हनुसचं पोट (शोआधी तो जेवत नसे),
आवंढा, कुणाचा तरी.
डायरेक्टर ओरडत होता, बोल, अरे काहीतरी बोल,
हनुसने कानातलं बोंडूक काढून खिशात टाकलं.
एक्कावन्न सेकंद. मी मोजली.
मग ती म्हणाली, "धाकट्याला बटाटे. सालासकट."
दुसऱ्या दिवशी दुकानातले बटाटे संपले म्हणतात.
मी काही बघायला गेले नव्हते.

टेप महाग असायच्या तेव्हा.
तिच्यावर पुढे फुटबॉलची मॅच उतरवली.
आम्ही हरलो होतो.

शेवटच्या शुक्रवारी त्याने पाहुणा ठरवलाच नाही.
"मार्युन, तू बस."
मी म्हटलं, मग माझा माइक कोण लावणार?
तो हसला, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत
पाऊण तास हवामानाबद्दल बोलला.
चांगलं बोलला.

आता त्याला डोळ्यांनी फारसं दिसत नाही.
गोदाम आवरताना ती मॅचची टेप सापडली.
शिट्टी वाजते, माणसं मैदान सोडतात, आणि त्यानंतर
जुन्यातलं दोन सेकंद उरलंय:
काळा पडदा, एक श्वास, आत घेतलेला.
मी ती घेऊन त्याच्याकडे गेले. आवाज मोठा केला.
तीनदा ऐकून त्याने विचारलं,
तिचा की माझा?

एकतीस वर्षं हेच काम केलं मी.
एवढं ओळखता यायला हवं होतं.
"तुझा," मी म्हटलं.

हनुस म्हणाला, "बरं."